माहेरचं नाव

पुंगोल, सिंगापूर
२ फेब्रुवारी २०२५

ती. शैलामावशींना,
अदितीचा नमस्कार.

मी नंदाची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी शाळेत होते आणि माझ्या दातांना तारा होत्या. आई गेल्याचं बाबांनी निहारदादाला कळवलं होतं, ते तुमच्यापर्यंत पोचलं असेल. तेव्हा मीच तुम्हाला लिहायला हवं होतं. रोज ठरवायचे आणि काय लिहायचं ते कळायचं नाही. तुमचा पत्ता आता दादाकडूनच घेतला. मी फोन करणार होते, पण तो म्हणाला, "आईला फोन करू नकोस, पत्र लिही." कारण विचारलं तर त्याने विषय बदलला.

मला एक मदत हवी आहे. ती मागायचा माझा हक्क आहे का, हे मला नक्की माहीत नाही.

आईच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा आवाज गेला होता. शेवटचे महिने ती पाटीवर लिहून बोलायची. ती गेल्यावर आम्ही तिचा आवाज शोधला आणि तो कुठेच सापडला नाही. घरात फोटो खूप आहेत, पण फोटो काढणारी तीच असायची. वाढदिवसांच्या व्हिडिओंत आम्ही सगळे ओरडतोय आणि ती केक कापतेय.

एका ठिकाणी मात्र तो असणार. मी सहा-सात वर्षांची होते, इथल्या शाळेत जागा मिळायची होती, तोवर आईने मला घरीच शिकवलं. तेव्हा राहायचो त्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये, ओट्यासमोरच्या टेबलावर. माझ्याकडून वाचून घेताना ती व्हिडिओ काढायची आणि तिकडच्या सगळ्यांना दिसावेत म्हणून तिच्या अकाउंटवर टाकायची. पुढे तिचा फोन हरवला, पासवर्ड आठवेना, नवीन अकाउंट तिने काढलं नाही. ते जुनं तसंच पडून राहिलं. मीसुद्धा विसरून गेले होते.

गेल्या महिन्यात आईच्या ईमेलवर त्या कंपनीचं पत्र आलं. ३० एप्रिलपर्यंत कुणी आत गेलं नाही तर ते अकाउंट कायमचं काढून टाकणार आहेत. आत जायला आईने तेव्हा ठरवलेल्या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. प्रश्न आहे, तुमच्या आईचं 'मेडन नेम' काय? तीन वेळा चुकलं की संपलं. बाबा म्हणाले, आजी माहेरची आपटे. मी 'आपटे' लिहिलं. चूक निघालं. आता दोन वेळा उरल्या आहेत.

उत्तर लिहिण्याआधी एका बटणावर 'मी या खात्याची मालक आहे' असं म्हणावं लागतं. ते दाबताना माझा हात थांबला होता. मी ऑडिटमध्ये काम करते, दुसऱ्याच्या सहीने काही करायचं नसतं एवढं तरी मला कळतं. माझा भाऊ वेदांत इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाला, "क्लिक कर ना ताई, नोबडी केअर्स लाह." मला वाटतं, आईने केअर केलं असतं.

आजीचं आडनाव आपटेच होतं ना? की इंग्रजीत ते वेगळं लिहायचे?

तुमची,
अदिती

*

सांगली
१५ फेब्रुवारी २०२५

चि. अदिती, अनेक आशीर्वाद.

मावशीला अहोजाहो करत नाहीत. तुझ्या आईने तुला घरी शिकवलं आणि एवढं शिकवायचं राहिलं का? मला 'अगं' म्हण.

पोस्टमनने पाकीट दिलं आणि मी दारातच उभी राहिले. अक्षर नंदाचं. 'श'ची गाठ, 'ल'चा पाय, सगळं तिचं. मग मागे तुझं नाव पाहिलं. ती अक्षर असं काढायची कारण मी तसं काढायचे. चुलीपुढच्या राखेत बोटाने गिरवून घेतलं होतं मी तिच्याकडून. आता तू काढतेस.

आडनाव आपटेच. माझ्या आईच्या शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत सुरुवातीला दोन 'ए' होते, असं अंधुक आठवतं. करून बघ. नाही उघडलं तर जिवाला लावून घेऊ नकोस. काही गोष्टी बंद राहिल्या म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. आवाजाचं म्हणशील, तर आपलं माणूस कसं बोलायचं ते आपल्याला ठाऊक असतंच.

बटणाविषयी: तू तिची मुलगी आहेस. तिचे डबे, तिच्या साड्या, तिचा मिक्सर आज कुणाचा आहे? मग हेही तुझंच.

तुमची ती यंत्रं मी सोडली. निहारने टॅब घेऊन दिला होता, तो कपाटात साड्यांखाली आहे. कागदावर लिहिलेलं पोचतं, एवढा माझा अजून विश्वास आहे.

तुझ्या बाबांची तब्येत सांभाळ. वेदांतला म्हणावं, मावशी मराठीत उत्तराची वाट बघते आहे.

नंदाला शेवटी फार दुखत होतं का, तेवढं कळव. बाकी काही विचारत नाही.

तुझी,
शैलामावशी

*

पुंगोल
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

'अगं' लिहायला घेतलं आणि आधी चार वेळा तोंडाने म्हणून पाहिलं.

दोन 'ए' घालून पाहिले. तेही चूक निघालं. आता एकदाच. मी तो लॅपटॉप बंद करून बाबांच्या कपाटात ठेवला आहे, माझ्या हातून चुकून काही दाबलं जाऊ नये म्हणून. बाबा म्हणतात, त्याला काय भूत लागलंय का. पण किल्ली त्यांनी स्वतःकडे ठेवली.

दुखत होतं. औषधांनी कमी व्हायचं. शेवटचे दोन दिवस ती शांत होती, हे खरं आहे, तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

बाकी काही विचारत नाही, असं तू लिहिलंस. तू जे विचारलं नाहीस त्याचं उत्तर मला माहीत आहे. ते न सांगणं म्हणजे लपवणं होईल. म्हणून सांगते. तुला दोष देण्यासाठी नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

आजी गेली तेव्हा आईला यायचंच होतं. पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला होता आणि तो वेळेत परत मिळाला नाही. तू फोनवर तिला म्हणालीस, "तुला यायचंच नव्हतं." ती काही बोलायच्या आत तुझ्याकडे माणसं आली आणि फोन बंद झाला. त्यानंतर ती दर रविवारी दुपारी, जेवणं झाली की, तुला फोन लावायची. ओटा पुसून, हात कोरडे करून, केस सारखे करून. फोनवर कुठे केस दिसतात, असं आम्ही चिडवायचो. तू फोन उचलायचीस. ती म्हणायची, "ताई, मी नंदा." थोडं थांबून पुन्हा, "ताई, मी बोलतेय गं." आणि तू ठेवून द्यायचीस.

मी आणि वेदांत टीव्ही बघत असल्यासारखं करायचो.

हे वर्षभर तरी चाललं. एकदा बाबा म्हणाले, "पुरे आता नंदा, किती वेळा तोंडावर फोन आपटून घेणार आहेस?" ती म्हणाली, "आपटत नाही रे. हळूच ठेवते. तिला माझा आवाज नकोय, आणखी काही नाही." त्यानंतर तिने फोन लावणं सोडलं. रविवारी ओटा मात्र ती तसाच पुसायची आणि मग थोडा वेळ नुसती उभी राहायची.

घशाच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी सांगितलं होतं की आवाज जाईल. आदल्या दिवशी तिने फोन हातात घेतला होता. मी विचारलं, लावू का? ती म्हणाली, "नको. जाणाराच आहे, तर ज्यांना हवाय त्यांच्याशी बोलू दे." मग ती दिवसभर माझ्याशी आणि वेदांतशी काहीबाही बोलत राहिली. आणि मला ते रेकॉर्ड करायचं सुचलं नाही. मावशी, मी सगळ्या गोष्टींची नोंद ठेवते, बसच्या तिकिटांचीसुद्धा. आणि हे सुचलं नाही.

तुला आजीविषयी आणखी काही आठवत असेल तर सांग. एकच संधी आहे.

अदिती

*

सांगली
१३ मार्च २०२५

अदिती,

मला ऐकू येत नाही.

हे तुला आधी सांगायला हवं होतं, पण मी ते कुणालाच सांगितलेलं नाही. आईचं तेरावं झालं आणि मला ताप आला. उठले तेव्हा एक कान गेला होता, आणि पुढे दुसराही जात चालला. मी तेव्हा नोकरीत होते. आठवीतल्या पोरांना कळलं असतं तर त्यांनी पाठीमागून हाका मारून वर्गाची करमणूक केली असती. मी ओठ वाचायला शिकले. निहारला शपथ घातली की नातेवाइकांत बोलायचं नाही. बहिरी म्हातारी म्हणून लोक कीव करतील, ते मला नको होतं.

फोनला निहारने लाल दिवा जोडून दिला होता. वाजला की दिवा लागायचा. ओळखीचं कुणी मोठ्याने बोललं तर थोडं कळायचं. मी उचलून गप्प राहायचे. आपण बोलायला लागलो की समोरच्याला कळतं ना, हिला काही समजत नाहीये. काही ऐकू आलं नाही तर ठेवून द्यायचे. रविवारी दुपारी दिवा लागायचा. मला वाटायचं, कुणी विमा विकणारा असेल.

नंदाचा आवाज बारीक. लहानपणी शेजारच्या खोलीतून हाक मारली तरी ऐकू यायची नाही, मी तिला म्हणायचे, पोटातून बोल.

तुझं पत्र वाचून मी ते उशीखाली ठेवलं, मग देवघरात ठेवलं, मग परत काढलं. कुठे ठेवावं ते कळेना.

आता माझं ऐक. मीही गप्प बसले नव्हते. बेडोकच्या पत्त्यावर पत्र पाठवलं, ते परत आलं. तुम्ही तिथून हलला होतात. मग निहारने टॅब दिला आणि मी त्यावर नंदाला शोधलं. सापडली. समुद्रावर तुला कडेवर घेतलेला फोटो, तुझ्या डोक्यावर लाल टोपी. मला वाटलं, ही काय, इथेच तर आहे. त्या अकाउंटवर मी तिला लिहायला लागले. दोन वर्षं लिहीत होते. आधी रागाने, मग रोजचं, म्हणजे आज काय भाजी केली, गच्चीवरचा कढीपत्ता, असलं. मग नुसती विनवणी. एक अक्षर उत्तर आलं नाही. मला वाटलं, ती वाचते आणि बाजूला ठेवते. शेवटी टॅब साड्यांखाली घातला.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला उत्तर ठाऊक होतं. मुद्दामच सांगितलं नाही. ते दार उघडलं की आत माझ्या विनवण्या आहेत. मावशी किती वाकली होती, ते भाचीने कशाला बघायचं? म्हणून तुला दोन 'ए' दिले. आणि तुझी एक संधी मी घालवली.

उत्तर हे. प्रश्न इंग्रजीत असला तरी नंदाने तो मराठीत वाचला असणार. मेडन नेम, म्हणजे माहेरचं नाव. आणि आपल्याकडे बाईला माहेरचं नाव विचारलं की ती आडनाव सांगत नाही. तुझी आजी तुम्हाला सुरेखा म्हणून माहीत. ते नाव तिला लग्नात मिळालं. ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुरेखा लिहिलं आणि तिचं आधीचं नाव त्या मांडवातच राहिलं. नंतर ते कुणी उच्चारलं नाही, तिच्या भावांनीसुद्धा नाही. तिने एकदा आम्हा दोघींना सांगितलं होतं, पोळ्या लाटता लाटता, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगतेय. आम्ही नंदाच्या बाहुलीला ते नाव दिलं आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं.

द्वारका.

एकच संधी आहे, तेव्हा स्पेलिंगही सांगते. बाहुलीच्या फ्रॉकवर आम्ही इंग्रजीत नाव विणलं होतं. नंदाने 'आर'च्या पुढे एक 'ए' घातला होता. मी म्हटलं, तिथे 'ए' नको, उसव. ती म्हणाली, "ताई, तुझ्या बाहुलीचं तू बघ." तेव्हा माझ्या नव्हे, तिच्या स्पेलिंगने लिही.

मावशी

*

पुंगोल
२६ मार्च २०२५

मावशी,

उघडलं.

बाबांनी किल्ली दिली आणि शेजारी उभे राहिले. मी तुझं पत्र समोर ठेवून एकेक अक्षर दाबलं. 'आर'च्या पुढे 'ए'. बाबा म्हणाले, "तीस वर्षांच्या संसारात मला हे नाव ठाऊक नाही." मग ते बाल्कनीत जाऊन खालून जाणारी एलआरटी ट्रेन बघत राहिले.

आता जे लिहायचं आहे ते मी तीन दिवस पुढे ढकललं.

तुझे सगळे मेसेज तिथे आहेत. खाली सरकवत गेलं तरी संपत नाहीत. आणि ते सगळे न उघडलेले आहेत. न वाचलेल्यांची अक्षरं ठळक दिसतात, ती तशीच ठळक आहेत. आई शेवटची आत गेली ती तू पहिला मेसेज लिहिलास त्याच्या कितीतरी आधी. तिने वाचून बाजूला ठेवलं नाही, मावशी. तिला कधी कळलंच नाही की तू लिहितेयस. तिला माहीत असतं तर ती बोटीने आली असती.

मी काहीही उघडलेलं नाही. यादीत शेवटच्या मेसेजची पहिली ओळ आपोआप दिसते, तेवढी नजरेला पडली, त्याबद्दल माफ कर. 'नंदा, एवढंच सांग की' इथे ती तुटते. पुढचं वाचायचं तर उघडावं लागेल. आणि उघडलं की तुझ्याकडे दिसेल की नंदाने पाहिलं. हे तुला विचारल्याशिवाय मी करणार नाही. तू म्हणालीस तर न वाचता पुसून टाकेन. तुझी शपथ.

व्हिडिओही आहेत. बरेचसे चालत नाहीत, नुसता राखाडी चौकोन येतो. एक चालतो. तुला ऐकू येणार नाही म्हणून लिहून पाठवते.

बेडोकचं टेबल. मी पुस्तकावर बोट ठेवून वाचतेय. आई दिसत नाही.

मी म्हणते, "बालाचा फुगा निला."

आई म्हणते, "बाल नाही, बाळ. जीभ मागे वळव. बाळ. निळा."

मी म्हणते, "बाल."

आई म्हणते, "अदू, हे ताईमावशीला पाठवायचंय. ती म्हणेल, हिच्या आईला शिकवताच येत नाही. तिने मला 'ळ' येईपर्यंत लाडू दिला नव्हता, माहितेय?"

मी म्हणते, "मला लाडू."

मग आई हसते. आधी नुसता श्वास ऐकू येतो, मग एक बारीकसा आवाज, मग कॅमेरा हलायला लागतो आणि छत दिसतं. ते कसं लिहायचं ते मला येत नाही. मी प्रयत्न करून चार वेळा खोडलं.

वेदांतने तो व्हिडिओ त्याच्या फोनवर घेतला आणि खोलीचं दार लावून घेतलं. आतून तो 'बाळ, बाळ' म्हणत होता. त्याचा 'ळ' अजूनही चुकतो.

उघडू का, ते कळव.

अदिती

*

सांगली
८ एप्रिल २०२५

चि. अदिती,

हसणं लिहू नकोस. तेवढं मला ऐकू येतं.

तू पुसायला निघालीस, आणि तेही शपथ घेऊन. इतकी सचोटी कुठून आणलीस? तुझ्या आईने माझे चिंच कुटून केलेले बुटुक चोरून खाल्ले होते आणि वर मलाच विचारलं होतं, चिंच कुठे गेली.

उघड. सगळे उघड, पहिल्यापासून. वाच. रागाचे आहेत तेही वाच, मी कशी चिडते ते तुला कळायला हवं. मला आता तुझ्यापाशी लाज वाटत नाही.

शेवटच्यात फार काही नाही. 'नंदा, एवढंच सांग की हे तुला पोचतंय का.' एवढंच आहे ते.

टॅब साड्यांखालून काढला आहे. चार्जर सापडत नव्हता, नवीन आणला. दुकानदार पोरगा म्हणाला, "आजी, हे मॉडेल फार जुनं झालं." मी म्हटलं, मी पण. २७ तारखेला रविवार आहे. तोवर हे पत्र तुला मिळेल. त्या दिवशी तुमची जेवणं झाली की उघड. ओटा पुसून घे. मी इकडे समोर घेऊन बसते.

मावशी

*

सांगली
२७ एप्रिल २०२५

अदू,

दिसलं.

मी सकाळपासूनच बसले होते. निहारने यंत्र मराठीत करून दिलेलं आहे, त्यामुळे खाली बारीक अक्षरात शब्द उमटतो, 'पाहिले'. पहिल्याखाली उमटला. मग बराच वेळ काही नाही. तू वाचत असशील. मग दुसऱ्याखाली. तू भराभर उरकलं नाहीस, एकेक वाचलंस, ते मला इथे बसून कळत होतं. कढीपत्त्याच्या मेसेजवर तू जरा जास्त थांबलीस. का, ते पुढच्या पत्रात सांग.

शेवटच्याखाली आला तेव्हा ऊन दारातून आत आलं होतं. वर नंदाचा तो समुद्रावरचा फोटो, तिच्या नावापुढे 'पाहिले'. बोट तुझं होतं, हे मला ठाऊक आहे. मी शिक्षिका होते, मला फसवून घेता येत नाही. तरी मी पदर सारखा केला.

मग मी उठून फोनपाशी गेले. दिवा लागलेला नव्हता. मी उचलला आणि कानाला लावला. काही ऐकू आलं नाही.

पण या वेळी लगेच ठेवला नाही.

मावशी